डोकं शाबूत आहे, असं कागद म्हणतो

प्रति,
माजी सैनिकांची आरोग्य योजना, अपंगत्व निवृत्तिवेतन आणि पुनर्वसन यांचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी,
दिल्ली, पुणे आणि नाशिक.

विषय: डोक्याला मुका मार लागलेल्या माजी सैनिकांच्या स्मरणशक्ती आणि एकाग्रतेवरील उपचारांबाबत.

महोदय / महोदया,

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका कार्यालयाकडून आमच्या अर्जाला साडेतीन ओळींचं उत्तर आलं. 'सीटी स्कॅन नॉर्मल आहे. मागणी केलेला उपचार मंजूर यादीत समाविष्ट नाही. सबब विनंती मान्य करता येत नाही. आवश्यकता भासल्यास मानसोपचार विभागाचा सल्ला घ्यावा.' खाली सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. अर्ज होता कॉग्निटिव्ह रिहॅबिलिटेशनसाठी. मेंदूला मार लागलेल्या माणसाला लक्ष टिकवणं, आठवण ठेवणं, कामांचा क्रम लावणं हे पद्धतशीरपणे पुन्हा शिकवतात, तो हा उपचार.

कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. ज्या बाईंनी कागद हातात दिला त्या भल्या होत्या, खुर्ची दिली, पाणी विचारलं. यादीत नाही ते त्या तरी कुठून देणार? माझं भांडण यादीशी आहे, आणि यादी तुम्ही करता. बंद पाकिटातल्या पत्रांचं काय होतं ते एवढ्या वर्षांत पाहून झालंय, म्हणून हे उघड लिहितेय. नाशिकरोड, देवळाली, भगूर, सिन्नर, निफाड, जिथे जिथे माजी सैनिकाचं घर आहे तिथे हे वाचलं जावं.

आमचे हे १९९७ साली नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात भरती झाले. गाव दिंडोरी तालुक्यात, घरची द्राक्षबाग, तरी यांना वर्दीच हवी होती. कारगिलला होते. पुढे हवालदार झाले, तोफेचे नंबर वन झाले, म्हणजे तोफ आणि तिच्यावरची सगळी माणसं यांच्या जबाबदारीवर. मधल्या काळात राष्ट्रीय रायफल्समध्ये काश्मीरला असताना पुढच्या गाडीखाली आयईडी, म्हणजे पेरून ठेवलेला बॉम्ब, फुटला आणि यांची गाडी उलटली. खांद्यात स्प्लिंटर, म्हणजे बॉम्बचे धातूचे तुकडे, घुसले. त्या दिवशीचं दुपारनंतरचं यांना आजही काही आठवत नाही. खांद्याची जखम कागदावर आली. डोक्यातून रक्त आलं नव्हतं, त्यामुळे डोक्याचं काही लिहिलं गेलं नाही. थोड्या दिवसांनी पुन्हा ड्युटी. आपण होऊन सांगायचं नाही, हे कुणाला शिकवावं लागत नाही. एकदा कॅटेगरी, म्हणजे तब्येतीत कमी असल्याचा शेरा, लागली की बढती अडकते, हे फौजीच्या घरात बायकापोरांनाही ठाऊक असतं. २०२१ ला पेन्शनीत आले.

ताकद अजून आहे. ट्रॅक्टर उत्तम चालवतात, ब्लोअरचे नोझल बघता बघता खोलून साफ करतात. पण फवारणीच्या टाकीत पाणी भरायचं, औषध मोजून घालायचं, एवढ्यात फोन आला तर दोन शब्द बोलायचं, आणि फोन ठेवल्यावर 'औषध घातलं का?' हे काही केल्या आठवत नाही. झाकण उघडून वास घेतात, पाण्याचा रंग बघतात, बाटली हलवून बघतात. एकदा बुरशीनाशक दुप्पट गेलं. एकदा गेलंच नाही, आणि नेमका ऑक्टोबर छाटणीनंतर त्याच आठवड्यात पाऊस झाला, डावणी आली, निम्म्या प्लॉटचे घड गेले. त्यानंतर दिरांनी फवारणी आपल्याकडे घेतली. कुणी कुणाला बोललं नाही, पण ज्या माणसाच्या शब्दावर तोफ डागली जायची, त्याला आता घरच्या टाकीवर उभं करत नाहीत.

अंबडला एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी लागली होती. रात्रपाळीच्या रजिस्टरमध्ये गाड्यांचे नंबर उलटसुलट जायला लागले, तशी तीही गेली. गावात काहींना वाटतं, कॅन्टीनची बाटली जास्त होत असेल. हे दारूला शिवत नाहीत. पण बोलताना मधेच शब्द अडकणं, चिडणं, भर लग्नातून आवाज सहन होत नाही म्हणून उठून जाणं, याचा लोक दुसरा अर्थ काय लावणार?

पेन्शनच्या पोर्टलवरून हयातीचा दाखला भरायचा तर मोबाईलवर सहा आकडे येतात. हे वाचतात, पडद्याकडे वळतात आणि तिसऱ्या आकड्यावर थांबतात. पुन्हा मोबाईल, पुन्हा पडदा, तोवर मुदत संपलेली. मुलगी शेजारी बसून भरून देते.

आता तुमच्या उत्तरातल्या पहिल्या वाक्याकडे येते.

सीटी स्कॅन हाड मोडलंय का, रक्तस्राव झालाय का, हे दाखवतो. जीव वाचवायचा तर तोच लागतो, त्याबद्दल वाद नाही. पण स्फोटाचा धक्का बसतो तेव्हा कवटीच्या आत मेंदू हिंदकळतो, आणि त्याच्या पेशींना जोडणारे बारीक तंतू ताणले जातात, पिळवटतात. हे नुकसान सीटीत दिसण्याइतकं मोठं नसतं. कन्कशनची, म्हणजे सौम्य गणल्या जाणाऱ्या मेंदूच्या दुखापतीची, लष्करी वैद्यकात वापरली जाणारी व्याख्याच अशी: शुद्ध हरपली तर अर्ध्या तासाच्या आत परत येते, आठवणीतला खंड चोवीस तासांच्या आतला असतो, आणि नेहमीच्या स्कॅनमध्ये काही सापडत नाही. म्हणजे उपचार नाकारायला तुम्ही जे कारण दिलंत, ते या दुखापतीच्या ओळखीतच बसतं. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात, हेही खरं आहे. हे पत्र राहिलेल्यांबद्दल आहे.

२०१६ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'मध्ये अमेरिकी लष्करी वैद्यकीय विद्यापीठातल्या तज्ज्ञांचा एक अभ्यास आला. स्फोटांना सामोरे गेलेल्या काही सैनिकांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले गेले. मेंदूचा राखाडी आणि पांढरा भाग जिथे एकमेकांना भिडतो त्या सीमेवर आणि रक्तवाहिन्यांच्या कडेने त्यांना व्रण आढळले. सूक्ष्मदर्शकाखाली, खास रंग वापरून. जिवंत माणसाच्या स्कॅनवर ते दिसत नाहीत. माझ्या नवऱ्याला असंच झालंय असा दावा मी करत नाही. स्कॅन कोरा म्हणजे माणूस ठणठणीत, हे गणित चुकीचं आहे एवढंच सांगते.

दुसरं, तपासणी. यांना विचारलं गेलं: आज वार कोणता, तारीख काय, आपण कोणत्या शहरात आहोत, मी तीन शब्द सांगतो ते पुन्हा म्हणा. सगळं बरोबर सांगितलं. केसपेपरवर 'स्मरणशक्ती उत्तम' असं आलं. अहो, शांत खोलीत, एका वेळी एक प्रश्न, समोर साहेब बसलेले, अशा वेळी फौजी माणूस बरोबरच उत्तर देणार! तिथे ना फोन वाजत होता, ना नोझल तुंबला होता. हे प्रश्न म्हातारपणातलं विस्मरण चाळण्यासाठी ठीक आहेत. कन्कशननंतर बिघडतं ते वेगळं: दोन गोष्टींवर एकदम लक्ष, विचारांचा वेग, मधेच तुटलेला धागा परत पकडणं. त्याच्या चाचण्या असतात, दोन-तीन तास चालतात आणि प्रशिक्षित क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच त्या घेऊ शकतात. त्याही मराठीत, माणसाचं शिक्षण लक्षात घेऊन व्हायला हव्यात. दहावी झालेल्या दिंडोरीच्या जवानाला इंग्रजीतल्या शब्दयाद्या देऊन काय मोजणार?

तिसरं, नोंद. माझ्या मते सगळ्या तक्रारींचं मूळ इथे आहे. काश्मीरचा तो स्फोट निदान एका इंज्युरी रिपोर्टमध्ये आहे, खांद्याच्या निमित्ताने का होईना. पण तोफेच्या मागे काढलेल्या वर्षांचं काय? गोळा सुटताना जो दाबाचा तडाखा बसतो तो शत्रूलाच नाही, तोफेवरच्या माणसालाही बसतो, आणि तोफखान्याच्या माणसाला तो सरावात, परीक्षेत, युद्धात, वर्षानुवर्षं बसत राहतो. यांचं ऐकणं कमी झालंय हे वैद्यकीय बोर्डाने मान्य केलं. म्हणजे कानापर्यंत तडाखा पोहोचला हे मंजूर, कानाच्या आत दोन बोटं पुढे काय झालं ते विचारायचं नाही.

ही माझ्या मनची शंका असती तर मी लिहिली नसती. ८ जानेवारी २०२० ला इराकमधल्या अल असद तळावर क्षेपणास्त्रं पडली. कुणालाही इजा नाही असं अमेरिकेने आधी जाहीर केलं, आणि पुढच्या काही आठवड्यांत शंभरावर सैनिकांना मेंदूची दुखापत झाल्याचं निदान झालं. अंगावर ओरखडा नसलेली माणसं होती ती. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्या संरक्षण खात्याने स्वतःच्याच शस्त्रांच्या तडाख्याबद्दल आदेश काढला: ४ पीएसआयच्या (हे दाब मोजायचं एकक) वर दाब जाईल तिथे खबरदारी घ्यायची, आणि नव्या भरतीची लक्ष-स्मरणाची चाचणी आधीच करून ठेवायची, म्हणजे पुढे घसरण झाली तर ती मोजता येईल. तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये २००७ पासून इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या प्रत्येकाला चार प्रश्न विचारतात: स्फोटात, अपघातात सापडला होतात का? तेव्हा लगेच काय झालं, शुद्ध गेली, गांगरलात? त्रास तेव्हा सुरू झाला का? आता गेल्या आठवड्यात होतोय का? चार प्रश्नांना मशीन लागत नाही. पैसे तर नाहीच लागत.

अमेरिकेचं सगळं चांगलं असं मी म्हणत नाही, तिथल्या फौजींच्या बायकाही आपल्यासारख्याच दारोदार फिरल्या, तेव्हा कुठे हे झालं.

आता मशीनबद्दल. या भागात मला तुमच्याशीही भांडायचंय आणि बाजाराशीही.

यादीत नाही म्हटल्यावर माणूस बाजारात जातो. नाशिकमधल्या एका खासगी क्लिनिकमध्ये आम्ही पदरचे पैसे घालून टीएमएस घेतलं. टीएमएस म्हणजे डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय झटके देऊन खालच्या मेंदूत अगदी थोडा विद्युतप्रवाह निर्माण करायचा. कापाकापी नाही, भूल नाही. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला हे पहिल्यांदा नीट साधलं. आमच्या पहिल्या दिवशी नाशिकच्या त्या क्लिनिकमधल्या मॅडमनी विचारलं, डोक्यात, मानेत कुठे धातू आहे का, कधी फिट आली होती का. स्प्लिंटर म्हटल्यावर त्यांनी आधी एक्स-रे करून आणायला लावला. मग वेटोळं डोक्याच्या एका जागी धरलं आणि झटका दिला, तसा यांचा उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला. किती जोर लागतो ते त्यावरून ठरवतात. हे हसले. पण नंतर ते वेटोळं कपाळाकडे सरकवून खरा उपचार सुरू केला आणि टकटकटक असा आवाज सुरू झाला, तेव्हा कानात बोळे असूनही यांनी खुर्चीचे हात असे धरले की बोटं पांढरी पडली. मॅडमनी मशीन लगेच थांबवलं. शेजारी स्टूल ओढून बसल्या, आवाज कशाने येतो ते सांगितलं, वेटोळं यांच्या हातात देऊन हवेतच दोनदा वाजवून दाखवलं, आणि विचारलं, काका, चालू करू? मग सगळा कोर्स नीट पार पडला.

फायदा झाला. झोप सुधारली, उदासी बरीच उतरली, घरात बोलायला लागले. टीएमएसला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, २००८ मध्ये मान्यता दिली ती नैराश्यासाठीच, त्यामुळे यात नवल नाही. टाकीत औषध घातलं का, हे मात्र अजूनही आठवत नाही. क्लिनिकच्या भिंतीवरच्या बोर्डावर 'स्मरणशक्ती' हा शब्द सगळ्यांत मोठ्या अक्षरात होता.

खरी परिस्थिती अशी आहे. कन्कशननंतरच्या विस्मरणासाठी टीएमएसलाही एफडीएची मान्यता नाही आणि टीडीसीएसलाही नाही. टीडीसीएस म्हणजे खारट पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर बांधून एक-दोन मिलिअँपियरचा प्रवाह वीसेक मिनिटं सोडायचा. माजी सैनिकांवर अभ्यास झालेत, चालू आहेत, पण बरेचसे छोटे आहेत आणि निकाल एका सुरात बोलत नाहीत. त्यांच्यामागचा तर्क पटण्यासारखा आहे: मेंदूचा जो भाग लक्ष आणि क्रम सांभाळतो त्याला उत्तेजन द्यायचं, आणि त्याच काळात त्या कामांचा सराव करून घ्यायचा, म्हणजे सराव जास्त मुरेल. यात सराव हे पीक आहे आणि उत्तेजन हे खत. बी न पेरता नुसतं खत टाकणारा शेतकरी आमच्या तालुक्यात तरी मला भेटलेला नाही, पण क्लिनिकं भेटली, आणि ऑनलाइन तर ते स्पंजवालं यंत्र घरी मागवून स्वतःच्या डोक्याला लावणारेही भेटले. कृपा करून कुणी असं करू नका.

सरावाचा पुरावा त्या मानाने पक्का आहे. सॅन अँटोनिओच्या लष्करी वैद्यकीय केंद्रात कन्कशननंतर त्रास राहिलेल्या १२६ सैनिकांचे चार गट करून सहा आठवडे उपचार दिले, २०१७ मध्ये निकाल छापला. थेरपिस्टने समोर बसून ज्यांना शिकवलं त्यांच्या रोजच्या अडचणी जास्त कमी झाल्या. ज्यांना नुसते कॉम्प्युटरवरचे स्मरणाचे खेळ दिले त्यांना तेवढा उपयोग झाला नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण उद्या तुम्ही मनावर घेतलंत तरी सगळ्यांत स्वस्त म्हणून एखादं ॲप काढाल, आणि त्याचा लोकार्पण सोहळा होईल, याची मला भीती आहे.

समोर बसून शिकवतात म्हणजे काय, ते सांगते. एकच वही, ती कायम एकाच खिशात. काम सुरू करण्याआधी पायऱ्या लिहायच्या, पायरी झाली की खूण. फोन आला तर आधी बोट वहीतल्या ओळीवर ठेवायचं, मगच 'हॅलो'. कोणत्या वेळी डोकं थकतं ते ओळखून अवघड काम त्याआधी उरकायचं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण कुणाला कोणती युक्ती लागू पडेल, किती दिवसांनी आधार काढून घ्यायचा, चुकलं तर रागावायचं नाही म्हणजे नक्की काय करायचं, हे शास्त्र आहे. मी शाळेत शिकवते, म्हणून थोडंफार अंदाजाने जमवलंय. स्वयंपाकघरात फळा लावलाय. पण मी यांची बायको आहे. दिवसातून दहादा वही दाखवणारी बायको कुठल्या नवऱ्याला आवडेल? ते काम तिऱ्हाईत, शिकलेल्या माणसाचं आहे.

आणि हा शिकलेला माणूस आपल्याकडे कुठे आहे? निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत मेंदूला मार लागलेल्यांना असं शिकवण्याचं काम बऱ्याच वर्षांपासून चालतं, पण ते बंगळुरूला. पुण्यात जवानाला नवा पाय मिळतो, कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. मणका गेलेल्यांसाठी खडकीला पुनर्वसन केंद्र आहे. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पाय गेलेला माणूस दिसतो म्हणून त्याची सोय झाली, एवढाच त्याचा अर्थ मी घेते.

नाशिकचं तर मला राहून राहून नवल वाटतं. तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र इथे, देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, दरवर्षी 'तोपची' नावाचा तोफांचा सराव होतो, पाहुणे येतात, दुर्बिणी लावून टाळ्या वाजवतात. ९ नोव्हेंबर २०१८ ला एम-७७७ आणि के-९ वज्र या नव्या तोफा लष्करात दाखल झाल्या त्याही देवळालीतच. तोफखान्याच्या जवानांचे सगळे कागद सांभाळणारं अभिलेख कार्यालय नाशिकरोडला. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, १९९८ पासून. एकाच शहरात तोफा, तोफेवरच्या माणसांची कागदपत्रं आणि डॉक्टर घडवणारं विद्यापीठ, असं देशात दुसरीकडे कुठे असेल का? तरी तोफेमागे आयुष्य घालवलेल्या माणसाच्या डोक्याची नीट तपासणी आम्हाला इथे मिळाली नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सैन्यासाठी टेली-मानस या फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेचा खास कक्ष सुरू झाला, ही चांगली गोष्ट झाली. बोलायला कुणी तरी आहे. पण फोनवरून वही तपासता येत नाही.

कायद्याचंही एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. मेंदूला मार लागून आलेलं अपंगत्व त्यात स्वतंत्रपणे नाही. आमच्यासारख्यांना एक तर मानसिक आजाराच्या रांगेत उभं राहावं लागतं, नाहीतर घरी जावं लागतं. मानसोपचार विभागात जायची मला लाज नाही, तिथले डॉक्टर आम्हाला उपयोगी पडलेत. पण तुमच्या उत्तरातल्या 'आवश्यकता भासल्यास'चा सूर असा आहे की, हे सगळं मनाचे खेळ आहेत.

मागण्या लिहिते.

यापुढे स्फोट, गाडीचा अपघात, उंचावरून पडणं, यातलं काहीही झालं की डोक्याबद्दलची नोंद इंज्युरी रिपोर्टमध्ये सक्तीची करा, जखम दिसो वा न दिसो. तोफेवरच्या माणसाने किती आणि कोणत्या तोफांचं फायरिंग केलं याचा हिशेब त्याच्या सेवापुस्तकात ठेवा. गोळ्यांचा हिशेब तुम्ही चोख ठेवता, त्याच रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवायचाय. जे आधीच निवृत्त झाले त्यांच्यासाठी बरोबरच्या जवानांची साक्ष ग्राह्य धरा, आणि केवळ सीटी नॉर्मल म्हणून परत पाठवलेले अर्ज पुन्हा उघडा.

तुमच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये येणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाला अमेरिकेतले ते चार प्रश्न विचारा, मराठीत. उत्तर 'हो' आलं तर पूर्ण चाचणी करा.

कॉग्निटिव्ह रिहॅबिलिटेशन यादीत घाला, त्याचा दर ठरवा. फिजिओथेरपीचा दर ठरवता आला तर याचाही येईल. नाशिकला एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि रोजची कामं पुन्हा शिकवणारा एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट द्या, रोज नको, आठवड्यातून ठरलेले दोन दिवस द्या. घरच्या माणसाला शिकवणं हा त्या उपचाराचाच भाग धरा. ही माणसं आली तर त्यांचा उपयोग आमच्यापुरता राहणार नाही. याच शहरात १५ ऑगस्ट २०२१ पासून हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही अशी मोहीम पोलिसांनी चालवली होती, कारण दुचाकीवरून पडून डोकं फुटणारी पोरं रोज येत होती. जी वाचली त्यांच्यापैकी किती जणांच्या आया आज माझ्यासारखा फळा लावून बसल्या असतील!

टीएमएस नैराश्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलं तर त्याचा खर्च द्या, तिथे पुरावा आहे. कन्कशननंतरच्या विस्मरणासाठी मात्र ते विकूही देऊ नका आणि फेटाळूही नका. एएफएमसी आणि आरोग्य विद्यापीठ यांनी मिळून नीट चाचणी घ्यावी. एका गटाला उत्तेजन आणि सराव, दुसऱ्याला उत्तेजनाचं नुसतं नाटक आणि तोच सराव. स्प्लिंटर आणि फिट यांची तपासणी आधी. निकाल वाईट आला तरी छापायचा. आमचे हे त्यात नाव द्यायला तयार आहेत, त्यांना विचारूनच लिहितेय. नाटकवाल्या गटात पडलात तर, असं मी विचारलं. म्हणाले, सराव तर मिळेल.

दिव्यांग कायद्याच्या यादीत मेंदूच्या दुखापतीचा स्वतंत्र समावेश व्हावा, अशी शिफारस संबंधित मंत्रालयाकडे तुमच्याकडून जावी. तो अधिकार तुमचा नाही हे मला माहीत आहे, शिफारशीचा आहे.

शेवटचं, उत्तराबद्दल. १४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो, त्याआधी या पत्राचं लेखी उत्तर मिळावं. कोणती मागणी मान्य, कोणती नाही, का नाही आणि पुढे कुणाकडे जायचं, एवढं त्यात असावं. उत्तर माझ्या नावाने नको, यांच्या नावाने पाठवा, मराठीत. अक्षर मोठं ठेवा. एका वाक्यात एकच गोष्ट लिहा, ओळींना क्रमांक द्या, आणि 'सबब', 'समाविष्ट' असले शब्द टाळा, म्हणजे त्यांना ते स्वतः वाचता येईल आणि वहीत उतरवून घेता येईल.

आपली,
एका निवृत्त हवालदाराची पत्नी
जेलरोड, नाशिकरोड